वाड्यातलं लाकूड, माजघरातल्या बरण्या: सोलापुरात जुन्या वस्तूंचा संग्रह कसा करावा

गावठाणातला वाडा उतरवायला काढला की सौदा आधी तुळया आणि खांबांचा होतो, कारण सागवान घनफुटावर विकलं जातं. मग दारं-खिडक्यांचा. माजघरातली मांडणी, घडवंची (पाण्याची भांडी ठेवायची लाकडी तिवई), पाट, लोणच्याच्या बरण्या यांच्याकडे शेवटी लक्ष जातं आणि तोवर त्यातलं निम्मं सरपणात किंवा भंगारात गेलेलं असतं. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट या सगळ्या पट्ट्यात हेच चाललंय. अशा वस्तू वाचवून जमवणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आपल्याकडे वाळवी कमी नाही, पण जुन्या वस्तूंचं जास्त नुकसान घाईने होतं, असं माझं ठाम मत आहे. घाईने विकत घेतात, आणल्या आणल्या अंगणात उन्हात ठेवतात आणि आठवडाभरात सुताराकडून तासून, चकचकीत पॉलिश करून घेतात. पुढचं सगळं ही घाई टाळण्यासाठी आहे.

आधी दिशा ठरवा

दिसेल ते घेत सुटलं की दोन वर्षांत घराचं गोदाम होतं. सोलापुरात जुन्या वस्तू साधारण तीन प्रकारच्या घरांतून येतात. पहिली वाड्यांची: पाट, चौरंग, देव्हारा, संदूक, घडवंची, काथवट, झोपाळा, कोरीव गणेशपट्टी. दुसरी गिरण्या, रेल्वे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांची. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरापर्यंत आली, १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, आणि कारकुनी उतरतं मेज, लांब हातांची आरामखुर्ची, वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, विलायती कपबशा हे सगळं घराघरांत शिरलं. तिसरी मागांची: धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे लाकडी तुकडे), फण्या, कांड्या, खड्डामागाचे सुटे भाग. या तिसऱ्या प्रकाराकडे संग्राहक फारसे वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. वर्षानुवर्षं हातातून सरकून गुळगुळीत झालेला धोटा ही या शहराची अगदी खास वस्तू आहे. ती जागा कमी अडवते आणि अजून परवडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी, असं मी सुचवेन.

चिनीमातीतही निवड करा. लोणच्याच्या बरण्या, विलायती-जपानी कपबशा, भिंतीच्या जुन्या फरशा यांपैकी एका प्रकारात डोळा तयार होऊ द्या, मग दुसऱ्याकडे वळा. डोळा तयार करायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उत्तम. रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे इतक्या आहेत की घरात काय बघायचं ते कळायला लागतं.

बघायला जाताना

पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, भिंग, लोहचुंबक, थोडा पांढरा कापूस आणि छोट्या बाटलीत स्पिरिट एवढं असू द्या. शक्यतो दिवसा जा. ट्यूबलाइटखाली सगळंच लाकूड सारखं दिसतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणं सोडू नका. बाळे भागातल्या एका घरी मी तीन पायांच्या घडवंचीबद्दल विचारलं, "आजी, ही पाण्याचीच ना?" त्या म्हणाल्या, "खालच्या फळीवर रांजण असायचा आणि वर दोन कळश्या. पाणी भरून झालं की सासूबाई हिचे पाय पुसून घ्यायच्या." एवढ्यावरून पायांची टोकं काळी का पडली होती आणि तरी कुजली का नव्हती, दोन्ही उलगडलं. सागातलं टॅनिन, खालची लोखंडी पट्टी आणि पाणी एकत्र आलं की निळसर काळा डाग पडतो. तो घासून काढू नका. ती घडवंची खरोखर पाण्यासाठी वापरली गेली याचा तो पुरावा आहे. टोकाला टाचणी सहज आत गेली तरच लाकूड कुजलंय असं समजा.

लाकूड कसं वाचायचं

वस्तू उलटी करा किंवा खाली वाकून बघा. पुढची बाजू सगळेच सजवतात, खरी माहिती तळाला आणि पाठीमागे असते. हाताने रंधलेल्या फळीवरून बोटं आडवी फिरवली तर हलक्या लाटा लागतात. वाकसाने (आडव्या पात्याच्या तासणीने) तासलेल्या फळीवर उथळ खोलगट चट्टे असतात. यंत्राच्या गोल करवतीने कापलेल्या लाकडावर कमानीसारख्या रेघा दिसतात. प्लायवूड किंवा सनमायका कुठे दिसला, तर निदान तो भाग तरी नंतरचा आहे.

मग सांधे. जुन्या सुताराने खिळ्यांवर भरवसा ठेवला नाही. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू, म्हणजे पुढे काढलेलं टोक, बसवून आडवी लाकडी खुंटी मारली. खुंटी जुनी असेल तर ती पूर्ण गोल राहत नाही, पृष्ठभागाच्या किंचित वर येते आणि बोटाला लागते. कपाटाच्या दारातली फळी चौकटीच्या खोबणीत मोकळी असते, चिकटवलेली नसते. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण लाकूड आडव्या अंगाने आकसतं आणि फुगतं, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. कुणी फेव्हिकॉल घालून ती फळी पक्की केली असेल तर उन्हाळ्यात मधोमध चिरणारच.

याच गुणावर माझी आवडती चाचणी उभी आहे. गोल टेबल जुनं असल्याचा दावा असेल तर वरच्या फळीचा व्यास रेषांच्या दिशेने एकदा मोजा आणि रेषांना आडवा एकदा. खरंच पिढ्यानपिढ्या सुकलेली फळी आडवी काही मिलिमीटर कमी भरते. दोन्ही मापं हुबेहूब सारखी आली तर पुढचे प्रश्न विचारा.

चिकटवण्याचा पदार्थही वय सांगतो. पूर्वीचे सुतार सरस वापरत, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो तपकिरी, ठिसूळ असतो आणि गरम पाण्याने सुटतो. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला. सांध्यातून पांढुरका थर बाहेर आलेला दिसला तर नंतर कुणीतरी दुरुस्ती केली आहे, एवढं नक्की. अधिकच्या चिन्हाचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला आणि आपल्याकडे त्याहून उशिरा, म्हणून तो दिसला की तो भाग त्यानंतरचा. मात्र एका स्क्रूवरून संपूर्ण वस्तू बाद करू नका. बिजागरी दर पिढीत बदलतात.

लाकडाची जात ठरवताना सर्वात जास्त फसवणूक शिसवीत होते. शिसव जड असते, सागापेक्षा साधारण पाव पटीने जास्त, आणि तिच्यात जांभळट काळ्या रेषा असतात. स्वस्त लाकडाला ब्लॅक जपान हे काळं रोगण लावून ते शिसवी म्हणून खपवतात. आतल्या कोपऱ्यात टर्पेंटाइनचा कापूस थोडा वेळ दाबून धरा. चॉकलेटी काळा रंग उतरला आणि खाली फिक्कट लाकूड दिसलं तर उठून निघा. साग हाताला किंचित तेलकट लागतो, आणि न दिसणाऱ्या जागी नखाने खरवडलं तर चामड्यासारखा वास येतो. जुन्या तुळयांचं लाकूड कापून नवं फर्निचरही बनतं. मूळ खिळ्यांची छिद्रं, बुजवलेल्या खाचा अशा जागी असतात जिथे त्या वस्तूला त्यांचं काहीच काम नाही. विक्रेत्याने तसं सांगून विकलं तर ती चांगली वस्तूच आहे. शंभर वर्षांची म्हणून विकली तर मात्र ती फसवणूक.

पॉलिश ओळखायला स्पिरिटचा कापूस पुरे. कडेला, मागच्या बाजूला टेकवा. लाखेचं जुनं पॉलिश चिकट होऊन विरघळतं, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही नवी पॉलिशं ढिम्म हलत नाहीत. विरघळलं तर मनात आनंद ठेवा आणि तिथेच थांबा.

कीड

सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. सालीजवळचा पांढुरका कच्चा भाग आणि आंब्याचं लाकूड यांना लागते. छिद्र दिसलं म्हणून कीड चालू आहे असं नाही. वस्तूखाली काळा कागद पसरा आणि तीन आठवडे हलवू नका. कागदावर ताजी फिक्कट पूड पडली तर आतला भुंगेरा जिवंत आहे. मग ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याकडून छिद्रांत औषध भरून घ्या. डांबरगोळ्या आणि कापूर आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाहीत. रॉकेल टाकण्याची जुनी सवय आगीला आमंत्रण देते आणि डागही पाडते, ती सोडा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वस्तूपेक्षा भिंतीचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

चिनीमाती

लोणच्याची बरणी ही आपल्याकडची सगळ्यात जास्त भेटणारी वस्तू. वर मलई, खाली तपकिरी, किंवा सबंध तपकिरी. तळ बघा: ज्या कडेवर ती उभी राहते तिथे झिलई नसते आणि भाजलेली माती उघडी दिसते. जुन्या बरणीची ही कड फरशीवर घासून गुळगुळीत झालेली असते आणि झीज सारखी नसते. जिथे बरणी ओढली जायची तिथे जास्त. नवीन बरणीला मुद्दाम मळवलं असेल तर मळ सगळीकडे एकसारखा असतो. तोंडाखालची खाच निरखा, दादरा, म्हणजे तोंडावरचं कापड, दोरीने तिथेच बांधत. त्या खाचेत तेलाचा काळपट थर असेल तर बरणी खरोखर लोणच्याची होती. झाकण मूळचं आहे का हे रंगावरून आणि बसण्यावरून कळतं. बरणीची किंमत निम्मी झाकणातच असते, तरीही बिनझाकणाची सुंदर बरणी मी सोडणार नाही.

बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. धड भांडं घणघणतं, तडा गेलेलं बद्द आवाज देतं. झिलईतल्या बारीक जाळीदार रेषा आणि खरी तडा वेगळ्या. जाळी फक्त वरच्या थरात असते, तडा आतल्या बाजूलाही दिसते. अतिनील टॉर्च स्वस्तात मिळतो. अंधारात तो मारला की नंतर भरलेला, रंगवलेला भाग वेगळ्या रंगात चमकतो.

कपबश्यांच्या तळावरचे छाप वय सांगतात, पण त्यांच्यावर एकट्याने विसंबू नका, कारण छाप नक्कलही होतात. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून 'इंग्लंड' असा शब्द बहुतेकदा त्यानंतरचा आणि 'मेड इन इंग्लंड' साधारण विसाव्या शतकातला. 'निप्पॉन' १९२१ च्या आधीचं, 'जपान' त्यानंतरचं. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा काळ. चेकोस्लोव्हाकियाचं नाव १९१८ च्या आधी असूच शकत नाही. भारतीय छापांमध्ये बंगाल पॉटरीज, मोरबीचं परशुराम पॉटरी वर्क्स यांची नावं लक्षात ठेवा. आपल्या कारखान्यांच्या मालाकडे लोक अजून विलायतीपेक्षा कमी बघतात, म्हणून तो जमवायची हीच वेळ आहे.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी चिनी-मातीकामाचा विभाग उभा केला. तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या नक्षीचा प्रभाव आहे. असं भांडं सोलापूरच्या एखाद्या जुन्या बंगल्यात निघू शकतं. निघालं तर ते धुऊ नका. जाणकाराला आधी दाखवा.

जयपूरची निळी भांडी माती नसून स्फटिकाची भुकटी, काच आणि मुलतानी मातीचं मिश्रण असतं आणि कमी आचेवर भाजलेलं असतं. त्यात पाणी भरून ठेवू नका. जुन्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळे संग्रहातल्या भांड्यात लोणचं, चिंचेचं सार असं आंबट काही घालू नका. आंबटपणा शिसं ओढून घेतो.

भाव आणि कायदा

लाकडाचा किमान भाव काढणं सोपं आहे. लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत गुणा: सहा फूट लांब, एक फूट रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे बरोबर एक घनफूट. त्या दिवशीच्या जुन्या सागाच्या दराने गुणलं की वस्तू मोडीत किती जाईल ते कळतं. त्याखाली विक्रेता येणार नाही. त्यावर कोरीव काम, अभंग सांधे आणि वस्तूची हकिकत यांचे पैसे. घासाघीस जरूर करा, पण घर सोडणाऱ्या कुटुंबाला अडचणीत धरून नव्हे. पुढची वस्तू त्यांच्याच नातेवाइकांकडून मिळते.

१९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि मूर्ती, शिल्पं यांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. देवळातली मूर्ती, पालखीचा दांडा, कोरीव पट्टी कुणी आणून देत असेल तर हात लावू नका. हस्तिदंताच्या जडावाचं काम तर खरेदी-विक्रीच्या विचारातही आणू नका, वन्यजीव कायद्याने तो व्यवहार बंद आहे. प्रत्येक खरेदीची पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि वस्तू कोणत्या घरातली हे दोन ओळीत लिहून सही, इतकं घ्या.

आणणं आणि मुरू देणं

टेम्पोत चढवताना कप्पे काढून वेगळे बांधा, दारं दोरीने नव्हे तर कापडी पट्टीने आवळा. कपाट वरच्या कडेला धरून उचलू नका, खालच्या चौकटीला धरा. खुर्चीसुद्धा पाठीने उचलली की सांधा हलतो. गुंडाळायला जुन्या सोलापुरी चादरींइतकं चांगलं काही नाही, जाड आहेत आणि ओरखडा पडू देत नाहीत. बरण्या आडव्या न ठेवता उभ्याच आणा. झाकण वेगळं गुंडाळा.

घरी आल्यावर वस्तूला निदान महिनाभर काहीच करू नका. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेतून आलेलं लाकूड सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, वेगाने सुकतं आणि तडकतं. शक्य असेल तर बाहेरची खरेदी दिवाळीनंतर आणा. खिडकीच्या उन्हापासून आणि विशेषतः कूलरपासून लांब ठेवा. कूलरचा ओला झोत एका बाजूवर येत राहिला की ती बाजू फुगते, दुसरी कोरडीच राहते आणि सांधे ओढले जातात. मे महिन्यात कप्पा सैल वाटला म्हणून पट्टी चिकटवू नका, पावसाळ्यात तोच अडकेल. कपाटाचं दार लागत नसेल तर आधी फरशीची पातळी तपासा. काळ्या मातीवरच्या घरांची जमीन ऋतूंबरोबर हलते. पायाखाली पातळ लाकडी चकती सरकवली की बहुतेक वेळा दार आपोआप जागेवर येतं आणि रंधा मारायची गरज उरत नाही.

ज्या गल्लीत यंत्रमाग चालतात तिथे शेल्फवरच्या वस्तू दिवसभरात हळूहळू कडेकडे सरकतात. प्रत्येक भांड्याखाली नमद्याची चकती द्या, उंच फुलदाणीच्या तळाला कापडी पिशवीत थोडी कोरडी वाळू घाला. उंच कपाटं भिंतीला पट्टीने बांधा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप सोलापुरातही जाणवला होता.

साफसफाई आणि दुरुस्ती

लाकडावर आधी कोरडा मऊ ब्रश. मग साध्या पाण्यात साबणाचे एक-दोन थेंब घालून घट्ट पिळलेल्या कापडाने छोटा भाग पुसा, लगेच कोरड्याने टिपा. नंतर पातळ मेण. एक भाग मधमाशीचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, विस्तवापासून लांब नेऊन मगच तीन भाग टर्पेंटाइन घाला. कापडाने अगदी पातळ थर, अर्ध्या तासाने घासून काढा. वर्षातून एकदा, हिवाळ्यात. उन्हाळ्यात जाड थर मऊ होऊन धूळ धरतो.

खोबरेल आणि शेंगदाणा तेल लाकडाला लावू नका, ती सुकत नाहीत, खवट होतात. जवसाचं तेल सुकतं, हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं, आणि खूप रुक्ष झालेल्या पाट-काथवटीला एक पातळ हात चालतो. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका. जवसाच्या तेलाची ओली फडकी तापून आपोआप पेट घेऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा आणि मग टाका. लाखेचं पॉलिश करायचंच असेल तर आषाढ-श्रावण टाळा, दमट हवेत ते पांढरं धुरकट होतं.

वेताची जाळी कडक झाली असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओल्या कापडाने भिजवा आणि सावलीत सुकू द्या. जाळी पुन्हा ताणून बसते. सैल सांधा खिळ्याने आवळू नका. जुना सरस गरम पाण्याने सोडवून पुन्हा सरसानेच बसवा, म्हणजे पुढच्या माणसालाही तो उघडता येईल.

बरणीवर पांढरी क्षाराची पूड सतत येत असेल तर मुरलेलं मीठ बाहेर येतंय. पक्क्या भाजलेल्या बरणीला बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवडाभर. बोअरचं पाणी जड असतं, स्वतःचाच थर सोडतं, म्हणून शेवटची दोन पाणी आरओची वापरा. सोनेरी रेघ किंवा झिलईवरून रंगवलेली फुलं असतील तर भिजवू नका. फुटलेलं भांडं फेव्हिक्विक किंवा एम-सीलने जोडण्यापेक्षा तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवा. अॅसिटोनमध्ये विरघळणारं पॅरालॉइड बी-७२ हे चिकटद्रव्य वापरणारा जाणकार मिळाला तर जोड उलगडता येण्यासारखा होतो.

वही

संग्रहाची वही पहिल्याच दिवशी सुरू करा. क्रमांक, माप, कोणत्या गावातून आणि कोणत्या घरातून, ती वस्तू तिथे कुठे असायची, किती रुपयांना घेतली, आल्यावर काय दुरुस्ती झाली. चार बाजूंचे आणि तळाचे फोटो. क्रमांक वस्तूवर मार्करने लिहू नका. लाकडावर आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा, चिनीमातीच्या भांड्यात कागदी चिठ्ठी ठेवा. विकणाऱ्याने सांगितलेलं आणि तुम्ही स्वतः तपासलेलं वेगवेगळ्या रकान्यांत असू द्या. "आजोबांच्या लग्नातलं" हे पहिल्या रकान्यात जातं, तळाला वाकसाच्या खुणा आहेत हे दुसऱ्या.